बिगारी बाईनं थापी हातात घेतली तो दिवस

मी पुण्यात वाकड-हिंजवडी पट्ट्यात बिल्डिंग साईटवर क्वालिटीचं काम बघते. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यापासून साईटवरच आहे, ऑफिसात बसायचं काम कधी जमलंच नाही. हे जे सांगतेय ते कोविडच्या आधीचं, आमच्याकडं आरपीएलची बॅच लागली होती तेव्हाचं.

आरपीएल म्हणजे ज्याला काम येतं पण हातात कागद नाही त्याची थोडी उजळणी घ्यायची, मग बाहेरचा असेसर येऊन परीक्षा घेतो आणि पास झाला की सर्टिफिकेट मिळतं. २०१५ ला पंतप्रधान कौशल विकास योजना आली त्यातलाच हा भाग, आमच्या बॅचच्या वेळी पास होणाऱ्याच्या खात्यात ५०० रुपये पण यायचे. कल्पना मला मनापासून पटलेली होती, कारण आपल्याकडं बांधकामातलं जवळजवळ सगळं कौशल्य असं बिनकागदाचंच आहे. वीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस नवीन साईटवर गेला की पहिल्या दिवशी त्याला परत शून्यापासून सिद्ध करावं लागतं, मुकादम म्हणेल तो त्याचा रेट.

पण लेबरला बॅचला बसवणं म्हणजे दिव्य असतं. त्यांचा पहिला प्रश्न एकच, हजेरी पडणार का? आणि तो प्रश्न बरोबरच आहे ना, रोजावरचा माणूस दिवस मोडून शिकायला कसा बसेल. त्यासाठी मी आणि आमचे प्रोजेक्ट मॅनेजर कॉन्ट्रॅक्टरच्या मागं लागलो, ट्रेनिंगचा दिवस म्हणजे भरलेली हजेरी हे लिहूनच घेतलं, तेव्हा कुठं गवंड्यांची नावं आली. सगळी पुरुषांचीच. ते तेव्हा कुणाला खटकलं पण नाही, कारण गवंडी पुरुषच असतात हे साईटवर इतकं ठरलेलं असतं की त्यावर कुणी बोलतच नाही.

परीक्षेच्या दिवशी मागच्या यार्डात जागा आखली होती. प्रत्येकानं नऊ इंची भिंतीचा एक कोपरा बांधायचा, मीटरभर उंच, इंग्लिश बॉन्डमध्ये, म्हणजे एक थर विटेच्या लांबीचा आणि एक डोक्याचा असा. आता आमच्या साईटवर सगळं एएसी ब्लॉकचं, म्हणजे हलक्या सिमेंटच्या ठोकळ्यांचं काम, शटरिंग ॲल्युमिनियमचं, वीट दिसतच नाही, त्यामुळं विटा खास या टेस्टसाठी मागवल्या होत्या. प्रत्येकाच्या जागेवर विटा भिजवायला टाकलेल्या, एकास सहाचा माल कालवलेला, बिगारी उभे. आणि नेमका एक मिस्त्री गायब, आदल्या रात्रीच गावाला निघून गेला होता. त्याची जागा तशीच मोकळी, माल कालवून तयार.

त्या जागेवर बिगारी म्हणून अक्का होत्या. लातूरकडच्या, निलंग्याच्या पुढं कुठंतरी गाव, कर्नाटकाच्या हद्दीजवळ, म्हणून सगळी साईट त्यांना अक्काच म्हणायची. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि मला म्हणाल्या, "म्याडम, माल वाळून जाईल की. मी लावू का?"

मुकादम हसला. "अक्का, तुमी घमेलं द्या, बाई कुटं गवंडी असती व्हय." बाकीचे पण हसले. मी असेसरकडं बघितलं, तो तरुण पोरगा होता, नुकताच लागलेला, त्यानं सांगितलं की यादी पोर्टलवर लॉक झालीये, आधार लावून हजेरी घेतलीये, आता नवीन नाव घालता येणार नाही. पण पुढं तो म्हणाला, "बांधू द्या त्यांना, बाकीच्यांचं बघतोय तसं त्यांचं पण बघतो मी." त्या पोराचं मला आजही कौतुक वाटतं.

मग अक्कांनी पदर खोचला आणि पहिलं काम काय केलं तर बादलीतल्या विटा बघितल्या. ज्यांच्यातून अजून बुडबुडे येत होते त्या परत पाण्यात ढकलल्या. वीट कोरडी राहिली तर ती मालातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत होतो, हे मी ट्रेनिंगमध्ये बोंबलून सांगते आणि तरी निम्मे मिस्त्री वरून मगभर पाणी मारून मोकळे होतात. मग त्यांनी पहिला थर कोरडाच मांडून बघितला, काटकोन बघायचा गुण्या लावला, आणि मग मालावर बसवला. एका थरात वीट लांबीनं, पुढच्या थरात डोक्यानं, आणि कोपऱ्याला डोक्याकडून लावलेल्या विटेच्या शेजारी लांबीत चिरलेली अर्धी वीट. ती चिरलेली वीट त्या दिवशी तीन-चार जण विसरले आणि त्यांचे उभे सांधे एकावर एक आले, म्हणजे भिंतीला तडा जायला सरळ वाटच. अक्का विसरल्या नाहीत. मी विचारलं सांधा किती ठेवताय, तर म्हणाल्या तीन सूत. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, पुस्तकात दहा लिहिलंय!

दर दोन-तीन थरांनी ओळंबा सोडायच्या, एक डोळा मिटून बघायच्या, थापीच्या दांड्यानं वीट हळूच ठोकायच्या. बाकीच्यांपेक्षा वेळ जास्त लागला, ते खरंय, हात रोजचा बसलेला नव्हता. पण झाल्यावर असेसरनं ओळंबा धरला आणि मग मी माझा स्पिरिट लेव्हल लावला, मीटरभर उंचीत दोन मिलिमीटरच्या आत होतं सगळं. कोडमध्ये, म्हणजे बांधकामाच्या नियमपुस्तकात, तीन मीटरला सहा मिलिमीटर चालतात. असेसरनं सगळ्यांना बोलावून तो कोपरा दाखवला. मुकादम काही बोलला नाही, नुसता भिंतीला हात लावून बघत होता.

मी विचारलं, अक्का, कुठं शिकलात? तर म्हणाल्या, "घरकुलाच्या भिंती आमी दोघांनीच बांदल्या. हे मदीच आजारी पडले, मग लिंटलच्या वरचं समदं मीच क्येलं. कुनी ईचारलंच न्हाई इकडं, मंग कशाला सांगू."

कुणी विचारलंच नाही, हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं, आणि मग तो आख्खा दिवस डोक्यात तेच चालू राहिलं. दुपारी टॅबवरची थिअरी होती, प्रश्न हिंदीत, आमचे निम्मे लोक मराठी आणि कन्नडवाले, काहींना वाचताच येत नाही. एका घनमीटरला किती विटा, असा प्रश्न. आमचा गवंडी ब्रासमध्ये विचार करतो, १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, फूट-इंच-सूत ही त्याची मापं. ज्याचा कोपरा आरशासारखा सरळ त्याचे थिअरीत मार्क गेले. तोंडी विचारलं असतं, त्याच्या मापात, तर त्यानं धडाधड सांगितलं असतं. परीक्षा कामाची घ्यायची तर कामाच्या भाषेत घ्या एवढंच माझं म्हणणं आहे, आणि हे मी फीडबॅक फॉर्मवर पण लिहून दिलं.

संध्याकाळी मी कॉन्ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये गेले. तेव्हा बाई बिगारीला साडेतीनशे-चारशे मिळायचे, पुरुष बिगारीला त्याहून शंभरेक जास्त, आणि मिस्त्रीला आठशेच्या आसपास. समान कामाला समान मोबदला हा कायदा १९७६ लाच आला, पण साईटवर तो असा वळवला जातो की बाईला ते काम द्यायचंच नाही, मग समानतेचा प्रश्नच येत नाही. मी म्हणलं अक्कांना ब्लॉकच्या कामावर घ्या, मिस्त्रीच्या रेटनं. ते म्हणाले परांचीवर बाई कशी चढणार. अहो, डोक्यावर घमेलं घेऊन ती इतकी वर्षं त्याच परांचीवर चढतेय! मग म्हणाले हिच्या हाताखाली कुठला बिगारी काम करेल. ही अडचण मात्र खरी निघाली, दोन पोरांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. शेवटी अक्कांनीच त्यांच्या गावची एक पोरगी जोडीला घेतली आणि प्रश्न मिटला. अर्ध्या मिस्त्रीच्या रेटवर सुरुवात, डक्टच्या भिंती आणि टॉयलेटच्या पार्टिशन, महिनाभर काम बघून पूर्ण रेट, असं ठरलं. मला पूर्णच हवा होता पहिल्या दिवसापासून. नाही झालं.

नंतर मी नीट लक्ष देऊन बघायला लागले की पुरुष बिगारी मिस्त्री होतो कसा. कुणी शिकवत नाही त्याला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री बिडी ओढत बसतो, तेव्हा पोरगा थापी घेऊन दोन विटा लावून बघतो, मिस्त्री बसल्या जागेवरून शिव्या घालतो, असं करत करत दोन-तीन वर्षांत त्याचा हात बसतो. त्याच सुट्टीत बायका काय करतात? कॅम्पवर धावतात, लेकराला पाजतात, पाणी भरतात, भाकरी टाकतात. म्हणजे शिकायचा जो एकमेव तास साईटवर असतो तो बाईला मिळतच नाही. पाळणाघर असतं तर निदान लेकराचा प्रश्न सुटला असता, पण तेव्हाच्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ५० पेक्षा जास्त बायका असल्या तरच ते सक्तीचं होतं आणि आमच्याकडं बायका तेवढ्या कधीच नसायच्या.

म्हणून आम्ही आठवड्यातून दोनदा दुपारी तीन ते चार हा तास शिकायचा ठेवला, भर कामाच्या वेळेत, हजेरी चालू ठेवून. सुरुवातीला कॉन्ट्रॅक्टर कुरकुरला, पण तोडफोड कमी झाली, ब्लॉकचं वेस्टेज कमी झालं, आणि प्लास्टरला जाड थर द्यावा लागत नाही म्हणल्यावर त्याला त्यातला पैसा दिसला. असं करणारे आम्ही काही पहिले नाही, झारखंडमध्ये स्वच्छ भारतच्या संडासांसाठी बायकांना गवंडीकाम शिकवलं, त्यांना रानी मिस्त्री म्हणतात, आणि अहमदाबादला सेवा संस्थेनं बांधकामातल्या बायकांसाठी कर्मिका नावाची शाळाच काढली. आपल्याकडं मराठवाड्यातून, सोलापुरातून इतक्या बायका पुण्यात बांधकामावर येतात आणि आयुष्यभर घमेल्याच्या पुढं जात नाहीत, याचा मला फार त्रास होतो.

पुढच्या बॅचला अक्कांचं नाव यादीत पहिलं घातलं, त्या पास झाल्या, सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं. आता खरं सांगायचं तर आधीच्या बॅचमधल्या पुरुषांच्या रोजात त्या सर्टिफिकेटमुळं एक रुपया वाढला नाही. अक्कांचा वाढला, कारण त्यांचं काम बदललं होतं. म्हणून मी आता ट्रेनिंगवाले आले की आधी विचारते, पास झाला तर रेट किती वाढणार, ते वर्क ऑर्डरमध्ये लिहिणार का? लिहिणार असाल तर बॅच लावू.

आणि एक गोष्ट, रोजच्या लेबर रिपोर्टमध्ये तीन रकाने असायचे, मेसन, एमसी आणि एफसी, म्हणजे मिस्त्री, पुरुष कुली, बाई कुली. अक्का ब्लॉकच्या कामाला लागल्या तरी टाईमकीपर त्यांना आठवडाभर एफसीतच धरत होता, सवयीनं. मी फॉरमॅटच बदलून घेतला, आता मेसन, हाफ मेसन, हेल्पर एवढंच. मागच्या महिन्यात मेसनच्या रकान्यात अक्का आणि त्यांच्यासोबत आलेली ती पोरगी अशा दोन बायका होत्या, तिसरी हाफ मेसनमध्ये आहे, तिचा कोपरा अजून नीट येत नाही, ओळंब्याला घाई करते.