लॉगबुक शेवटच्या पानापासून वाचायचं असतं

सीझन भरात होता आणि दुसऱ्या दिवशी आमची बोट जॉनीज गॉर्जला जाणार होती. जॉनीज ही डाइव्ह साइट म्हणजे पंचवीस-तीस मीटर खोल, बऱ्याचदा करंट, खाली स्नॅपर माशांचे मोठे थवे आणि नशीब असेल तर व्हाइटटिप शार्क, त्यामुळे अंदमानातल्या हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) आलेल्या प्रत्येक डायव्हरला तिथेच जायचं असतं. मी मूळचा मालवणचा, इथे स्कूबा डायव्हिंगचा इन्स्ट्रक्टर म्हणून काम करतो, आणि त्या बोटीची जबाबदारी माझ्यावर होती म्हणून आदल्या संध्याकाळी सगळ्यांचे कागद घेऊन बसलो.

त्यात एक पुण्याचे गृहस्थ होते, पंचेचाळिशीच्या आसपासचे. अ‍ॅडव्हान्स्डचं कार्ड, सोबत जाडजूड लॉगबुक, म्हणजे प्रत्येक डाइव्हची नोंद ठेवायची वही, थायलंडचे शिक्के, इजिप्तचे शिक्के, ऐंशीच्या वर डाइव्ह. डेस्कवरच्या पोराने आकडा बघितला आणि टिक मारून मोकळा झाला. मी लॉगबुक नेहमी मागून उघडतो, आधी शेवटचं पान. शेवटची एन्ट्री सहा वर्षांपूर्वीची होती, इजिप्तमधल्या रेड सीवरच्या हुरघाडाची.

विचारलं, "सर, यानंतर कुठे डाइव्ह झाली नाही का?"

"नाही हो, मग कोविड आला, मग मुलीची दहावी, राहूनच गेलं. पण कार्ड एक्स्पायर होत नाही ना?"

नाही होत, खरंय. ओपन वॉटर हा पहिला कोर्स केला की अठरा मीटरपर्यंत, अ‍ॅडव्हान्स्ड केलं की तीस मीटरपर्यंत, आणि हे कार्ड आयुष्यभराचं. पण कार्ड एवढंच सांगतं की एके काळी तुम्ही हे शिकला होतात. काल आलं की वीस वर्षांपूर्वी, त्यानंतर पाण्यात उतरलात की नाही, काहीच नाही. म्हणून मी म्हटलं, उद्या जॉनीज नको, सकाळी नेमो रीफला उथळ पाण्यात चेक डाइव्ह करू, जमलं तर परवा नेतो. त्यांना राग आला, आणि मला तो समजतो, माणूस पैसे भरून सुट्टी काढून आलेला असतो. मालकही म्हणाले अरे ऐंशी डाइव्ह आहेत त्याच्या, बोटीवर जागा आहे, ने की. मी म्हटलं मी नेणार नाही, दुसऱ्या कुणाला न्यायचं असेल तर त्याने सही करावी. जॉनीजची बोट मग दुसऱ्या इन्स्ट्रक्टरसोबत गेली, यांच्याशिवाय, आणि मी मागे थांबलो.

सकाळी किनाऱ्यावर पहिली गोष्ट निघाली वजनाची, म्हणजे खाली जाता यावं म्हणून कमरेला लावायच्या शिशाची. साहेबांनी दहा किलो मागितलं, का तर लॉगबुकात दहा लिहिलंय. लिहिलं होतं ते बरोबरच, पण त्याच ओळीत पाच मिलिमीटरचा फुल सूट पण लिहिला होता. जाड सूट जास्त तरंगतो आणि रेड सीचं पाणी आपल्या समुद्रापेक्षा बरंच खारट, तेही माणसाला वर ढकलतं. इथे पाणी अठ्ठावीस-एकोणतीस डिग्री, सूट पातळ आणि आखूड. दहा किलो लावून हा माणूस दगडासारखा खाली गेला असता. पाण्यात उभं करून श्वास भरायला लावला, पाणी डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत वजन कमी करत गेलो, सहा किलोवर जमलं. ही एक ओळ नीट लिहिलेली होती म्हणून मला ताबडतोब कळलं की फरक कुठे आहे, नाहीतर अंदाजाने खेळत बसलो असतो.

मग खाली गेलो. चार-पाच मीटर, वाळूवर गुडघे टेकून. तोंडातला रेग्युलेटर, ज्यातून श्वास घेतो तो, काढून परत लावणं झालं, छान केलं त्यांनी. मग मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन बाहेर काढायची खूण केली. पाणी नाकात गेलं आणि त्या क्षणी माणूसच बदलला, डोळे विस्फारले, जॅकेटमध्ये हवा भरणारं इन्फ्लेटरचं बटण दाबलं आणि सरळ वर निघाले, गाल फुगलेले, म्हणजे श्वास रोखलेला. मी त्यांच्या बीसीडीचा, म्हणजे त्या हवेच्या जॅकेटचा, पट्टा धरला, दुसऱ्या हाताने त्यातली हवा सोडली आणि मग तोच हात रेग्युलेटरवर ठेवला कारण ते थुंकून टाकतील अशीच भीती होती, आणि डोळ्यात डोळे घालून जोरजोरात बुडबुडे सोडून दाखवले, सोडा, सोडा. सोडला त्यांनी श्वास. वर आलो, खोकले, पण ठीक होते.

हे लोकांना पटत नाही म्हणून सांगतो, उथळ पाणी म्हणजे सेफ असं नसतं. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, त्यामुळे दहा मीटरवरची हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होते, तीसवरून वीसला येताना फक्त एक तृतीयांशाने वाढते. शेवटच्या काही मीटरमध्येच सगळ्यात जास्त फुगते, आणि भरलेल्या छातीने श्वास रोखून दीड-दोन मीटर जरी वर आलं तरी फुफ्फुस फाटू शकतं. हाच प्रकार जॉनीजला करंटमध्ये पंचवीस मीटरवर झाला असता तर मी त्यांना धरलं असतं का, कुणास ठाऊक. अशा वेळी उपचाराला लागणारं डिकंप्रेशन चेंबर पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम), म्हणजे आधी दोनेक तासांची बोट.

ते बराच वेळ वाळूत बसून राहिले. मग म्हणाले, "शरीर विसरतं हो, डोकं नाही विसरत, म्हणून कळलंच नाही." दुपारी परत उतरलो, मास्कचं तेच तेच करत राहिलो, संध्याकाळी ते पूर्ण मास्क काढून परत घालत होते. दोन दिवसांनी जॉनीजला आले आणि टाकीत सत्तर बार हवा उरवून वर आले, शार्क पण दिसला.

आता लोक विचारतात लॉगबुकाने काय सिद्ध होतं, खोटं पण लिहिता येतं. येतंच. एका बैठकीत एकाच पेनाने लिहिलेली बुकं मी पाहिलीत, प्रत्येक डाइव्ह अठरा मीटर, पंचेचाळीस मिनिटं. कार्ड ते देणाऱ्या एजन्सीकडे ऑनलाइन तपासता येतं, वहीचं तसं काही नाही. त्यामुळे आकडा मी पुरावा म्हणून धरतच नाही. मला हवी असते शेवटची तारीख, वजन-सूट, किती बारला वर आलात आणि करंटमध्ये कधी होतात का. वहीच पाहिजे असंही नाही, नाशिकच्या एक मॅडम फक्त डाइव्ह कॉम्प्युटर घेऊन आल्या होत्या, त्यात खोली, वेळ, पाण्याचं तापमान सगळं होतं, वजन तेवढं तोंडी सांगितलं, काम झालं.

अडतं कुठे तर आमच्या मालवणच्या पोरांचं. लहानपणापासून पाण्यात, तारकर्लीला टुरिस्ट लोकांना हात धरून खाली नेतात, समुद्र कसा वागेल ते माझ्याआधी ओळखतात, पण कागदावर शून्य. इथलेच जॉनी, डिक्सन, जॅक्सन हे ब्रह्मदेशातून येऊन अंदमानात वसलेल्या करेन समाजातले, समुद्रावर वाढलेले लोक, आज साइट्सना त्यांची नावं आहेत. पण पोराला डाइव्हमास्टर, म्हणजे डायव्हरना खाली नेणारा सर्टिफाइड गाइड, व्हायचं तर कोर्स सुरू करायला चाळीस आणि सर्टिफिकेट मिळायला साठ लॉग केलेल्या डाइव्ह लागतात, तिथे "मी रोज उतरतो" कोण ऐकणार. माझ्या मामेभावाला मी वही घेऊन दिली आणि प्रत्येक वेळी बोटीवरच लिहून घे, जो सोबत होता त्याची सही घे, असं बजावलं. आधी कंटाळा करायचा, आता स्वतःच फोटो पाठवतो. परवा चाळीसावं पान भरलं त्याचं, सीझन संपायच्या आत कोर्सला नाव घालतोय.