आमच्या गटाला फिरता निधी मिळाला तो असा

आमच्या बचत गटाची वही मी लिहिते. आम्ही अकरा जणी, सगळ्या नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातल्या एकाच पाड्यावरच्या. २०२३च्या पावसाळ्यात गट उभा केला. दर आठवड्याला बैठक, बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि सगळ्याची वहीत नोंद, एवढं तीन महिने नीट चाललं की 'उमेद'कडून, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाकडून, फिरता निधी मिळतो, म्हणजे आपसात कर्ज फिरवायला गटाला रक्कम मिळते, असं सीआरपी ताईंनी, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या 'उमेद'च्या गावातल्या ताईंनी, सांगितलं होतं.

तीन महिने आमच्याकडे सोपे नसतात. नागली-भात घरात आलं की दिवाळीनंतर अर्धा पाडा दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांवर जातो. आमच्यातल्याही सात जणी गेल्या. बैठका मोडल्या, वहीची पानं कोरी राहिली, आणि गट तपासणीत मागे पडला. मला फार वाईट वाटलं, कारण बचत कुणीच थांबवली नव्हती. बागेवरच्या झोपडीत त्या दहा-दहा रुपये बाजूला काढत होत्या, फक्त ते लिहिणारं तिथे कुणी नव्हतं. होळीला सगळ्या परतल्या आणि आम्ही पहिल्या आठवड्यापासून पुन्हा मोजायला लागलो.

मग बँक. अध्यक्ष बाईंच्या आधारवर माहेरचं आडनाव, ठरावात सासरचं. खातं अडलं. त्यासाठी चार खेपा झाल्या, आणि प्रत्येक खेपेला तीन बायकांची मजुरी बुडाली. कधी साहेब रजेवर, कधी नेट बंद. आडनाव आधार केंद्रावर दुरुस्त करून घेतलं तेव्हा कुठे पासबुक हातात आलं.

तोवर जुलै २०२४ उजाडला. केंद्राने जानेवारी २०२३मध्ये देशभरातले ५०० तालुके आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेले आणि खास लक्ष द्यायचे, म्हणून घेतले, त्यात नाशिकमधून सुरगाणा आणि पेठ. त्यांच्यासाठी जुलै ते सप्टेंबर संपूर्णता अभियान निघालं. सहा कामं पुरी करायची होती: गरोदर बाईची पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी, तिचा पोषण आहार, मधुमेहाची तपासणी, रक्तदाबाची तपासणी, मातीची आरोग्य पत्रिका आणि गटांना फिरता निधी. सहाव्या कामात आम्ही होतो. आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असताना तालुक्यावरून माणूस चिखल तुडवत पाड्यावर आला, वही चाळली, राहिलेला कागद तिथेच लिहून घेतला. इतकी वर्षं आम्हीच कचेरीत जात होतो. मला तरी या अभियानातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. पण ते पावसाळ्यात आलं म्हणून आम्ही घरी सापडलो. जानेवारीत आलं असतं तर पाड्यावर म्हातारी माणसंच भेटली असती. तालुक्याचं काम मोजणाऱ्यांनी आमच्या स्थलांतराचे महिने धरून मोजावं, असं मी त्यांनाही सांगितलं.

सप्टेंबरात खात्यावर ३०,००० रुपये जमा झाले. पहिलं कर्ज कुणाला द्यायचं यावर बैठक रात्रीपर्यंत चालली. शेवटी दोघींना दिलं. दरवर्षी दिवाळीआधी मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन त्या बागेला बांधल्या जायच्या. त्या वर्षी त्यांनी उचल घेतली नाही.