इंग्रजांचं रामायण कुठंय?

मी राहते इंग्लंडमध्ये, पण साताऱ्याला गेले की कोणीतरी विचारतंच. कधी मावशी, कधी शाळेतली मैत्रीण, एकदा तर स्टँडवरून घरी सोडणारा रिक्षावाला. "काय हो, इतकी वर्षं तिकडं राहताय, त्या इंग्रजांना आपल्यासारखं रामायण-महाभारत आहे का काही? का नुसत्याच लढाया आणि सनावळ्या?" या प्रश्नात एक बारीकसा दिलासा दडलेला असतो. दीडशे वर्षं राज्य केलं खरं त्यांनी, पण गोष्टींच्या बाबतीत श्रीमंत आपणच! उत्तर द्यायला अर्धा तास लागतो, तोवर चहा निवतो आणि विचारणाराच दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी तो 'इंग्रज' शब्द. आपण ब्रिटनमधल्या झाडून सगळ्यांना इंग्रज म्हणतो. वेल्समधल्या माणसाला एकदा तसं म्हणून बघा, म्हणजे कळेल. आणि गोष्टींचा विषय निघाला की हा फरक फारच महत्त्वाचा होतो, कारण इंग्रजांचा सगळ्यात मोठा पुराणपुरुष म्हणून आपण ज्याला ओळखतो तो राजा आर्थर मुळात इंग्रज नाहीच. तो जुन्या ब्रिटन लोकांचा, ज्यांच्या भाषेतून पुढे वेल्श भाषा आली त्यांचा. आणि गोष्टींतला आर्थर ज्यांना तलवारीने मागे रेटतो ते सॅक्सन म्हणजे आजच्या इंग्रजांचेच पूर्वज. रावणाच्या पणतवंडांनी रामाला कुलदैवत करावं, तसा हा प्रकार.

हे झालं कसं? साधारण ११३६ साली मॉनमथच्या जेफ्री नावाच्या एका धर्मगुरूने लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा 'इतिहास' लिहिला. आपल्याला ब्रिटनच्या जुन्या भाषेतला एक ग्रंथ मिळाला आणि त्यावरून हे लिहिलं, असं त्याचं म्हणणं. तो ग्रंथ आजतागायत कोणाला सापडलेला नाही. जेफ्रीच्या 'इतिहासा'त ग्रीक कथांतल्या ट्रॉयहून आलेला ब्रूटस आहे, ज्याच्यावरून या बेटाला ब्रिटन नाव पडलं म्हणतात. राक्षस आहेत, जादूगार मर्लिन आहे, मुलींनी हाकलून दिलेला राजा लिअर आहे आणि आर्थर तर आहेच. यातलं खरं किती याची पंचाईत विद्वान तेव्हापासून करतायत. पण इंग्लंडच्या राजांना ते फार आवडलं. त्यांचे स्वतःचे वाडवडील फ्रान्सकडच्या नॉर्मंडीतून परवा-परवा आलेले, त्यांना जुना पूर्वज हवाच होता.

मग ११८४ साली इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीचा मठ आगीत जळाला, बांधकामाला पैसे हवे होते, आणि ११९१ मध्ये तिथल्या साधूंना नेमकी आर्थर आणि त्याच्या राणीची थडगी सापडली. योगायोग म्हणा हवं तर. १२७८ साली पहिला एडवर्ड राजा जातीने तिथे गेला आणि त्या अस्थी समारंभाने पुन्हा पुरल्या. हा एडवर्ड तेव्हा वेल्स जिंकायच्या मागे होता, आणि आर्थर मेलेला नाही, तो परत येईल, अशी गोष्ट वेल्समध्ये सांगितली जात होती. इतकी हाडं जनतेला दाखवून पुरली, की मग येणार कोण? मी ती जागा पाहिली आहे. हिरवळीवर एक चौकट आखलेली आणि एक पाटी. आठव्या हेन्रीच्या काळात मठ मोडला तेव्हा ती हाडंही गेली.

खुद्द इंग्रजांचे जे स्वतःचे देव होते, वोडेन, थुनोर, टिव, फ्रिग, त्यांचं काय झालं? ५९७ मध्ये रोमहून ख्रिस्ती धर्मप्रचारक केंटमध्ये उतरले, आणि पुढच्या शंभरेक वर्षांत हे देव मोडीत निघाले. त्यांच्या गोष्टी कोणी धड लिहून ठेवल्याच नाहीत. देव उरले ते वारांच्या नावांत: ट्यूसडे टिवचा, वेन्सडे वोडेनचा, थर्सडे थुनोरचा, फ्रायडे फ्रिगचा. आणि काही गावांच्या नावांत. बर्मिंगहॅमजवळ वेन्सबरी आहे, ते वोडेनच्या नावाचं. तिथून मी कित्येकदा गेले असेन, रस्त्याच्या कामामुळे तासन्‌तास अडकूनही पडले आहे, पण वोडेन कोण हे विचारल्यावर सांगू शकेल असं तिथे कोणी भेटलं नाही.

तेव्हा रामायण आहे का, याचं सरळ उत्तर: नाही. घरोघरी वाचलं जाईल, म्हातारीपासून पोरापर्यंत सगळ्यांना पाठ असेल असं एक मोठं काव्य नाही. पण उत्तर इथे संपत नाही, आणि मलाही हे कळायला दहा वर्षं गेली. मी आले २००३ साली, डर्बीला. आपल्यासारखं देऊळ, कथेकरी, पोथी असं काही दिसेना, म्हणून मीही मनातल्या मनात निकाल देऊन टाकला होता. चूक अशी होत होती की मी पुस्तकात शोधत होते. या लोकांच्या गोष्टी जागांना चिकटलेल्या आहेत. विहीर, टेकडी, दगड, चर्चचं दार. गाव सोडलं की गोष्ट बदलते, कधीकधी नुसता पूल ओलांडला तरी.

आमच्या डर्बीशरचंच बघा. इथे उन्हाळ्यात विहिरी सजवतात, म्हणजे पाकळ्यांची चित्रं फळ्यांवर करून विहिरीपाशी उभी करतात. टिसिंग्टन नावाचं एवढंसं गाव, त्यात सहा विहिरी. ईस्टरनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या सुमाराला तिथे ही सजावट असते. का सजवतात, तर कोणी म्हणतं १३४८-४९ च्या प्लेगमध्ये आसपास माणसं पटापट मरत होती तेव्हा इथल्या पाण्याने गाव वाचलं. कोणी म्हणतं, छे, ते १६१५ च्या दुष्काळाचं. सगळं आटलं तरी या विहिरी आटल्या नाहीत. कारण कुठलंही धरा, पाण्याचे उपकार फेडायचे आहेत एवढं नक्की.

शेजारच्या एका गावात मी दोन वर्षं या कामाला हात लावला. लाकडी फळ्यांना खिळे ठोकतात, मग त्या आठवडाभर तळ्यात भिजत घालतात, नाहीतर कोरडं लाकूड मातीतलं पाणी पिऊन टाकतं. माती मीठ घालून कालवायची, फळीवर लिंपायची. कागदावरचं चित्र वर ठेवून टोच्याने टोचून रेघा उमटवायच्या. रेघांवर मिरे, बिया, झाडांची चिमुकली बोंडं बसवायची आणि मग एकेक पाकळी. खालून वर लावत जायचं, घराच्या कौलांसारखी वरची पाकळी खालचीवर चढवत, म्हणजे पाऊस निथळून जातो. पहिल्या दिवशी मी वरून सुरुवात केली. सत्तरीच्या एका बाईंनी काही न बोलता माझ्या दोन ओळी उपटल्या आणि बोटाने खाली दाखवलं. रांगोळी काढणारा हात असून उपयोग शून्य. तीन दिवसांचं कंबरतोड काम, आणि आठवड्यात सगळं सुकून काळं पडतं. चित्र बहुधा बायबलमधलं असतं, पण ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून लोक विहिरींना पुजत आले आहेत, ते यात कुठेतरी मुरलेलं असणार असं मला वाटतं. पुराव्याचं विचारू नका.

डर्बीपासून तासाभराच्या आत स्टॅफर्डशरमध्ये ॲबट्स ब्रॉम्ली आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका सोमवारी सकाळी सहा पुरुष तिथल्या चर्चमधून रेनडिअरच्या शिंगांच्या सहा जोड्या बाहेर काढतात आणि खांद्यावर घेऊन दिवसभर गावातून, शेता-वाड्यांतून नाचत फिरतात. दहाएक मैल तरी चाल होते. सोबत विदूषक, काठीचा घोडा, धनुष्यवाला पोरगा, वाजवणारे, आणि मेड मॅरियन, म्हणजे बाईच्या वेषातला बाप्या. त्याला पाहून मला थेट दशावतारातली लुगडं नेसलेली पात्रं आठवली. शिंगांच्या लाकडी मुठींवरचा रंग नवा असतो, शिंगं मात्र फार जुनी. १९७० च्या दशकात त्यांचं कार्बन परीक्षण झालं तेव्हा ती अकराव्या शतकाच्या आसपासची निघाली. गंमत म्हणजे त्या काळी ब्रिटनमध्ये रेनडिअर उरलेच नव्हते. मग ही आली कुठून, समुद्रापलीकडून कोणी आणली, कशासाठी? गावकऱ्यांना विचारलं तर ते खांदे उडवतात. मी विचारलेल्या एकाने सांगितलं, "आजोबा नाचायचे, म्हणून." त्यावर पुढे काय विचारणार?

भुतांबद्दलही विचारतात, तर ती आहेत, भरपूर आहेत. पूर्व इंग्लंडमध्ये काळा कुत्रा आहे. ४ ऑगस्ट १५७७ ला भर वादळात तो बंगी आणि ब्लाइथबर्ग या दोन गावांच्या चर्चमध्ये घुसला म्हणतात, आणि ब्लाइथबर्गच्या दारावर त्याच्या पंजांचे जळके डाग अजून दाखवतात. विजेचं काम, दुसरं काय. टॉवर ऑफ लंडनमधले कावळ्यांचे थोरले भाऊबंद उडून गेले तर राज्य बुडेल, ही कथा आपले लोक लंडनच्या सहलीत हमखास ऐकून येतात. ती फार प्राचीन वगैरे नाही, बहुधा राणी व्हिक्टोरियाच्या काळानंतरची. तरी कमीत कमी सहा पक्षी कायम पाळतात. आणि काही सहलींवाल्यांच्या माहितीपत्रकांत ज्या पंखवाल्या नाजूक पऱ्या असतात, त्या तर विसराच. जुन्या गोष्टींतल्या पऱ्या पोरं पळवतात आणि पाळण्यात आपलं किरकिरं पोर ठेवून जातात. म्हणून त्यांचं नाव घ्यायचं नाही. वेल्समध्ये म्हणायचं 'गोरंगोमटं घराणं', स्कॉटलंडमध्ये 'भले शेजारी'. आपण नाही का, रात्री सापाला 'जनावर' म्हणतो. पाळण्यात लोखंडाची कात्री किंवा चिमटा ठेवायचा. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं, माझ्या बाळंतपणात आजीने उशाशी विळा ठेवला होता.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे लिहायला बसले, ती. उत्तर वेल्समध्ये डोंगरांच्या कुशीत बेथगेलर्ट नावाचं गाव आहे. नदीकाठाने पाच-दहा मिनिटं चाललं की कुरणात एका झाडाखाली पाटीच्या दगडाचे उभे तुकडे आणि कुंपण. गेलर्ट नावाच्या कुत्र्याची कबर. तेराव्या शतकातला वेल्सचा राजा लेवेलिन शिकारीला गेला, लाडका कुत्रा मागेच राहिला. राजा परतला तर कुत्रा शेपूट हलवत सामोरा आला, तोंड रक्ताने माखलेलं. आत पाळणा उलटा पडलेला, बाळ दिसेना. राजाने तलवार खुपसली. कुत्र्याची किंकाळी ऐकून बाळ रडलं, आणि पाळण्याखाली ते सुखरूप सापडलं, शेजारी मेलेला लांडगा. राजा पुन्हा कधी हसला नाही.

वाचता वाचता तुमच्या ओठांवर 'मुंगूस' आलं असेल. माझ्याही आलं. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली ब्राह्मणी पाण्याला जाते, मुंगूस पाळण्याजवळच्या सापाला मारतं, रक्ताळलेल्या तोंडाने दारात तिला सामोरं येतं, आणि ती पाण्याची घागर त्याच्यावर घालते. दोन गोष्टी सारख्या आहेत असं नव्हे, ही एकच गोष्ट आहे. सहाव्या शतकात पंचतंत्र इराणात तिथल्या जुन्या पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात अरबीत, तिथून हिब्रू, लॅटिन. वाटेत मुंगसाचा कुत्रा झाला, कारण युरोपात मुंगूस कोणी पाहिलंय? साप मात्र बराच काळ साप राहिला. तेराव्या शतकात फ्रान्समध्ये याच गोष्टीतला कुत्रा संत म्हणून पुजला जात होता, आजारी मुलांना त्याच्या थडग्यावर नेत असत, आणि एका पाद्र्याने ते बंद पाडायचा प्रयत्न केला. वेल्सच्या डोंगरात पोहोचेपर्यंत सापाचा लांडगा झाला.

आणि ती कबर? गावाचं नाव बहुधा केलर्ट नावाच्या कोणा जुन्या संतावरून पडलेलं. १८०० च्या आसपास डेव्हिड प्रिचर्ड नावाचा माणूस गावात हॉटेल चालवायला आला. पाहुणे येत होते पण त्यांना बघायला काही हवं होतं. त्याने गोष्ट आणली, नाव जुळत होतंच, आणि दोघा-तिघांनी मिळून दगड उभे केले. हॉटेल अजून चालू आहे.

मी हे सगळं आईला तिथे, त्या झाडाखाली सांगितलं. ती तीन महिने राहायला आली होती, मुलगा सहा वर्षांचा होता. माझा सूर जरा 'बघ कसे फसवतात' असाच होता. आईने चष्मा पुसला, दगडावरचा इंग्रजी मजकूर सावकाश वाचला आणि नातवाला जवळ ओढून म्हणाली, "ये, याची खरी गोष्ट सांगते. एक बाई होती, तिने मुंगूस पाळलं होतं..."

"कुत्रा," मुलगा म्हणाला. "इथे लिहिलंय."

"मुंगूस. आणि पाळण्यापाशी आला साप."

"लांडगा!"

मागे एक वेल्श म्हातारा त्याच्या कुत्र्याला घेऊन थांबला होता. भाषा कळत नसणार, पण भांडण कशावरून चाललंय हे त्याला कळलं असावं, कारण तो मुलाकडे बघून हसला आणि बोटाने आपल्या कुत्र्याकडे खूण केली. आईने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. गाडीत बसलो, दोन घाट ओलांडले, तरी साप का लांडगा हे मिटलेलं नव्हतं.