आमची वाटचाल : जांभळी नाक्यावरचं बियाण्यांचं दुकान

ठाण्यात जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत १९८९ साली आम्ही बियाण्यांचं दुकान टाकलं. तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे बाळकूम, कोलशेत, ओवळा, भाईंदरपाडा, दिवा इथले आगरी शेतकरी. भात, वाल, भेंडी, काकडी, मेथी हा माल. आज त्याच जमिनींवर टॉवर उभे आहेत आणि त्या टॉवरमधली माणसं गच्चीवरच्या कुंड्यांसाठी आमच्याकडूनच बी नेतात. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून बदललेली नाही. आमच्या दुकानातून मोजल्याशिवाय बी बाहेर जात नाही.

मोजणं म्हणजे वजन नव्हे, शंभरातले किती दाणे उगवतात ते बघणं. शंभर भोकांची एक सागवानी फळी आहे. मिरचीसाठी बारीक भोकांची, भेंडीसाठी मोठ्या भोकांची, अशा तीन. नवा लॉट आला की सौ. फळीवर बी पसरतात, जास्तीचं झटकतात, प्रत्येक भोकात एकच दाणा उरतो. ते शंभर दाणे ओल्या टॉवेल पेपरवर ओळीत मांडायचे, वर दुसरा कागद, मग सैल गुंडाळी करून उभी ठेवायची. प्रयोगशाळेत चारशे दाणे लावतात, आम्ही दुकानदार शंभरावर भागवतो. भाताची पहिली मोजणी पाचव्या दिवशी, मिरचीची सातव्या, भेंडीची चौथ्या दिवशी. भिंग आणि चिमटा घेऊन एकेक रोप बघायचं. नुसता मोड दिसला म्हणून उगवलं असं धरत नाहीत. मूळ तुटकं, कोंब पिळलेला असेल तर ते रोप बाद. भेंडीला ६५ टक्के, वांगी-टोमॅटो-कांद्याला ७०, मिरचीला ६०, भाताला ८० टक्के हे सरकारी किमान प्रमाण आहे. त्याच्या खालचा लॉट आम्ही परत पाठवतो. मग व्यापारी रागावला तरी चालेल.

या सवयीमुळेच २००५ साली आम्ही तगलो, आणि याच सवयीमुळे आम्हाला त्रासही झाला. ते आता लिहून ठेवतोच.

२६ जुलैच्या पावसात कळव्याच्या आमच्या भाड्याच्या गोडाऊनमध्ये नाल्याचं पाणी छातीएवढं शिरलं. दोन दिवसांनी शटर उघडलं तेव्हा आत वाफ कोंडली होती. मेथीच्या गोण्या फुगून शिवणी उसवल्या होत्या. बी पाणी पितं तेव्हा असं काही फुगतं की तागाचा दोरा त्यापुढे टिकत नाही. गोणीत हात घातला तर चटका बसावा इतकी गरम. भिजलेलं बी श्वास घेऊ लागतं, साठवलेलं अन्न जळतं आणि गोणीत कोंडलेली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. कडेच्या मेथीला मोड होते, मधली बुळबुळीत होऊन सडली होती. कांद्याचं बी तर नुसता लगदा.

भाताच्या गोण्यांत मात्र वेगळंच दिसलं. पाण्याच्या तळाशी राहिलेल्या दाण्यांना लांबच लांब पांढरे कोंब आले होते आणि मुळाचा पत्ता नव्हता. हवा नसताना रुजायला लागणारी बियाणी फार थोडी, भात त्यांतलं एक. पण तेव्हा तो कोंब आधी वर ढकलतो, पाण्याबाहेर हवा शोधायला. मूळ हवा मिळाल्यावर धरतं. रहू म्हणजे मोड आणलेलं भात पेरणारे शेतकरी हे न शिकता ओळखतात. मोड काढताना कोंब लांब आणि मूळ आखूड दिसलं की बी पाण्यात जास्त राहिलं.

एका कोपऱ्यात वनीकरणाच्या ऑर्डरसाठी ठेवलेल्या बहाव्याच्या आणि गुलमोहराच्या बिया होत्या. त्या तशाच पडल्या होत्या, बहुतेक फुगल्यासुद्धा नव्हत्या. त्यांच्या कवचातून पाणी आत जात नाही. आम्ही त्या धुऊन सुकवल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात कानशीनं घासून पेरल्या, तेव्हा बहाव्याच्या बहुतेक बिया उगवून आल्या. साडेचार लाखांच्या मालातून एवढंच हाती लागलं.

तिसऱ्या दिवशी आमच्याच बाजारातल्या एका बियाणे विक्रेत्याचा माणूस आला. नाव लिहीत नाही, जुन्या लोकांना ठाऊक आहे. म्हणाला, "ओला माल तसाच द्या, शेठ किलोमागे पैसे देतील." एकदा फुगून रुजायला लागलेलं बी परत सुकवलं की आतला गर्भ मरतो. वरून मात्र दाणा चांगला दिसतो, फार तर थोडा फिका. असं बी कोणाच्या शेतात जाणार होतं हे मला सरळ दिसत होतं. मी नाही म्हटलं. थायरम हे बुरशीनाशक लावलेलं गुलाबी बी गुरांनाही घालता येत नाही, म्हणून सगळं खड्डा खणून पुरलं. त्याचे मजूर लावले, त्याचेही पैसे गेले.

आठवडाभरात बाजारात बोलणं सुरू झालं की आमचं बी पुरातलं, भिजलेलं आहे. ते कोणी पसरवलं हे विचारायची गरज नव्हती. ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून आम्ही सोळा वर्षं माल उचलत होतो त्यानं उधारी बंद केली. ज्यांच्याकडे पेरणीला पैसे नसायचे त्यांना सुगीपर्यंत बी देणारे आम्ही, आणि आमच्या दुकानासमोरून लोक मान खाली घालून पलीकडे जायला लागले. याचं दुःख मला आजही आहे. पुढे त्याच बियाणे विक्रेत्याचा व्यापारी मंडळींनी सत्कार केला, तेव्हा मी गेलो नाही.

ओवळ्याचे काका मात्र आले. त्यांची लावणी गाळाखाली गेली होती. ऑगस्ट लागला होता, उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताचा प्रश्नच नव्हता, लवकर पिकणारं हळवं बीच हवं होतं. त्यांच्या शेजाऱ्यानं दुसरीकडून दुप्पट भावानं बी आणून भिजवलं होतं, त्याला मोड आलेच नव्हते. त्यातलं मूठभर काकांनी माझ्या टेबलावर टाकलं. म्हणाले, "ह्ये बी नाय, भुसा हाय. तू दे, मी थांबतो."

मी कर्जतला जाऊन कर्जत-१८४ या हळव्या जातीच्या गोण्या आणल्या. वेळ नव्हता तरी शंभर दाणे फळीवर मोजलेच. आधी मिठाच्या पाण्यात घातले, दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकले, बुडालेले दोनदा स्वच्छ धुतले. मग दिवसभर भिजवून ओल्या गोणपाटात दडपून ठेवले. काका रोज संध्याकाळी दुकानात येऊन गोणपाट उचलून बघायचे. ९१ दाण्यांना मोड आले. काकांनी आपल्यासाठी बी नेलं आणि दुसऱ्या दिवशी भाईंदरपाड्याच्या चार घरांना माझ्याकडे घेऊन आले. त्या चार घरांनी आमचं दुकान उभं ठेवलं. तेव्हापासून प्रत्येक लॉटचा उगवणीचा आकडा काउंटरवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला असतो आणि गुंडाळी कोणालाही उघडून बघता येते.

नंतरची दहा-बारा वर्षं ठीक गेली. गोडाऊन सोडलं, माळ्यावर एसी आणि ओलावा खेचणारं मशीन लावलेली खोली केली. पावसाळ्यात ठाण्याची हवा बियाण्याची वैरीण आहे. हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा ठोकताळा आम्ही पाळतो. बियाण्यातला ओलावा एक टक्क्यानं उतरवला की आयुष्य साधारण दुप्पट होतं आणि तापमान पाच अंशांनी उतरवलं तरीही दुप्पट. हे ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असताना लागू पडतं. कांद्याचं बी उघड्या पिशवीत ठेवलंत तर एका पावसाळ्यात गेलंच समजा.

लॉकडाउनपासून घोडबंदर रोडवरची मंडळी वाढली. त्यांच्यासाठी थोडं सांगतो, विचारलं नसलं तरी. धणे अख्खे पेरू नका. एक धणा म्हणजे दोन फाळ्यांचं सुकं फळ असतं, दोन्हीत एकेक बी. हलक्या हातानं लाटण्यानं रगडून फाळ्या सुट्या करा, मग भिजवा. कारल्याच्या बियांचं टोक नेलकटरनं जरासं खुडा, आतला गर्भ दुखावू नका, आणि रात्रभर भिजवा. पपईच्या बियांवरचा बुळबुळीत पडदा राखेत चोळून काढा, तो उगवण अडवतो. टोमॅटोचं घरचं बी एक-दोन दिवस गरासकट आंबवून मग धुवा. आणि बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोलीपेक्षा खाली पुरू नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी खोल पेरल्याच्या असतात.

मे महिन्यात लोक हापूसच्या कोयी धुऊन, वाळवून, डब्यात घालून आणतात आणि पावसात लावू का विचारतात. आंब्याची, फणसाची, जांभळाची बी वाळवली की मरते, ती ओलीच लावायची असते. शिवाय हापूसच्या कोयीतून आलेलं झाड हापूस देईल याचा भरवसा नाही. कोय गावठी आंब्याची रुजवा, पंधरा दिवसांच्या आतलं तांबूस रोप असताना त्यावर हापूसची काडी बांधा. दापोलीच्या विद्यापीठानं कोकणभर पसरवलेलं हे कोय कलम आमची मुलगी आता बांधते. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

सध्या नवा ताप म्हणजे रंगीत चित्राची पाकिटं. वर फुलाचा फोटो मोठा, मागे लॉट नंबर नाही, चाचणीची तारीख नाही. सत्यप्रत, म्हणजे उत्पादकानं स्वतःच्या हमीवर विकलेल्या, बियाण्याच्या लेबलावर उगवण, शुद्धता, चाचणीची तारीख आणि मुदत छापणं बंधनकारक आहे. नसेल तर विकत घेऊ नका. आणि घेतलंच असेल, उगवलं नसेल, तर उरलेलं पाकीट आमच्याकडे आणा, कुठूनही घेतलेलं असो. फळीवर लावून बघू, पैसे घेत नाही. फक्त शंभर दाणे हवेत. दहा दाण्यांवरून आकडा सांगायला आम्ही बसत नाही.