जुना आग्रा रोड कुठे सापडतो?

“धुळ्यातला आग्रा रोड म्हणजे आता बाजारपेठ. मग इंग्रजांच्या वेळची मुंबई-आग्रा सडक बघायची तरी कुठे?” हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सडक शोधत बसू नका, मोऱ्या शोधा, म्हणजे सडकेखालून पाणी जायला बांधलेले छोटे पूल. मूळ खडी कधीच डांबराखाली गेली, कडेची झाडं रुंदीकरणात गेली. पण जिथे हायवेने वळण सरळ केलं, तिथे जुना तुकडा बाजूला पडला आणि त्याखालची दगडी मोरी तशीच राहिली. ती पाडायला कोण खर्च करतो?

घरचा अभ्यास आधी करा. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, इतिहासाचं प्रकरण सगळे वाचतात. रस्ते मात्र व्यापाराच्या प्रकरणात आहेत. मग सर्व्हे ऑफ इंडियाचे एक इंचाला एक मैल मापाचे जुने नकाशे काढा. धुळे-लळिंग ४६ एल क्रमांकाच्या नकाशांत येतं, सोनगीर-शिरपूर ४६ के मध्ये. उपग्रहचित्र शेजारी ठेवा आणि हायवेपासून फुटून पुन्हा त्यालाच मिळणारी अर्धगोल वाट दिसली की खूण करा. सुरुवात मुरमाड भागातून करावी, लळिंगच्या आसपास. तापीकाठच्या काळ्या मातीत फार आशा धरू नये. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि खडी गिळते.

मोरी सापडली की दोन्ही तोंडं बघा, एकच बघून परतू नका. रुंदीकरण बहुधा एका बाजूने होतं. त्यामुळे एकीकडे सिमेंटचा पाइप किंवा स्लॅब दिसतो आणि पलीकडे घडीव दगडाची कमान. आत विजेरी मारली की जुन्या-नव्या बांधकामातला उभा सांधा दिसतो. तिथून जुन्या तोंडापर्यंतची लांबी मोजली की मूळ सडकेच्या रुंदीचा अंदाज येतो. गाळा (कमानीखालची मोकळी रुंदी), कमानीची उंची आणि कमानीतल्या दगडांची संख्या टिपा. चुना दिसला म्हणून लगेच ‘१८५० ची’ असं लिहू नका. विसाव्या शतकातही चुन्यात बांधकाम होत होतं.

फसगत सर्वात जास्त पाटांमुळे होते. पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धतीचे, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने वाटून घेण्याच्या पद्धतीचे, जुने पाट आहेत; कोरडे असले की सडकेच्या भरावासारखेच दिसतात. फरक चढउतारात. पाट एकाच मंद उताराने, जमिनीच्या वळणाने जातो. सडक चढते, उतरते आणि नाला आडवा कापते.

मैलाच्या एकट्या दगडावर विश्वास ठेवू नये, कारण दगड हलतात, कुणाच्या पायरीलाही लागतात. लागोपाठचे दोन मिळाले आणि सडकेच्या वाटेने मोजलेलं अंतर १.६ किलोमीटरच्या आसपास आलं, तरच जागा मूळची समजा. मधले छोटे दगड फर्लांगाचे. मैलाला आठ, म्हणजे दर २०१ मीटरला एक. झिजलेला आकडा सकाळच्या तिरक्या उन्हात किंवा बाजूने विजेरी धरून वाचता येतो. खडू, चुना, तेल काही लावायचं नाही. शेंदूर लावलेला असेल तर हात न लावता फक्त फोटो, तोही विचारून.

चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाटही जुन्या सडका बघणाऱ्या अनेकांच्या यादीत असतो. नाव जेम्स औट्रमचं, १८२५ साली भिल्ल पलटण उभारणाऱ्याचं. पण कठड्याला टेकून माप घेण्याइतकी मोकळीक तिथली वाहतूक देत नाही. गट घेऊन तिथे जाऊ नये.

जायचं जानेवारी-फेब्रुवारीत. दिवाळीला गवत कमरेएवढं असतं आणि मोरीचं तोंडच दिसत नाही. एप्रिलमधलं खानदेशी ऊन वेगळं सांगायला नको. पाच-सहा जण पुरे. तीस मीटरचा टेप, काठी, विजेरी, वही आणि माणशी तीन लिटर पाणी. बांध ओलांडण्याआधी शेतमालकाला विचारा. ‘जुनी सडक कुठून जायची?’ हा प्रश्न म्हाताऱ्या माणसांना विचारला तर नकाशाचं काम निम्मं होतं. आत शिरण्याआधी काठी आपटा, सापासाठी. कमानीला आग्या मोहोळ लटकलं असेल तर ती मोरी त्या दिवशी सोडून द्या, धूर तर मुळीच करू नका.