झुरळ किंचाळत नाही

भाताची लावणी आटपली होती, कंबरेतली कळ अजून गेली नव्हती आणि पावसाने सकाळपासून धार सोडलेली नव्हती. अशा एका दुपारी पुतण्याने मोबाइल टीव्हीला जोडला आणि किड्यांचा सिनेमा लावला. नाव सांगत नाही. या सिनेमांची नावं आपापसांत बदलली तरी कोणाला पत्ता लागणार नाही. अमेरिकेतलं कुठलंसं गाव, गावाबाहेर कारखाना, कारखान्यातून ओढ्यात जाणारं हिरवं पाणी आणि मग कुत्र्याएवढी झुरळं. हिंदीत डब केलेला असल्यामुळे तिथला शेरीफ ‘हे भगवान’ म्हणत मेला.

सिनेमा संपला तेव्हा घरात जितकी माणसं तितकी मतं. पुतण्याचं म्हणणं, ग्राफिक्स बकवास आहे, झुरळ रबराचं आहे हे आंधळ्यालाही दिसेल. (पण उठला नाही. शेवटपर्यंत बघितलान.) आई मध्येच झोपली होती. जागी झाल्यावर तिने विचारलं, “ती पांढऱ्या झग्यातली मेली की नाय अजून?” मेली नव्हती, म्हणून ती परत झोपली. काकी फणसाच्या आठळ्या सोलत बसलेली. तिचा आक्षेप गृहव्यवस्थेवर, म्हणजे घरात झाडू नसण्यावर होता. “तेंच्या घरात येक वाढवण नाय? नुसती किंचाळत कित्याक बसतत?”

सगळ्यात सरस मत आमच्या पाडेल्याचं. नारळ पाडल्याचे पैसे न्यायला आलेला माणूस पावसात अडकला आणि उंबऱ्याशी बसून सगळा सिनेमा बघून उठला. चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, “ह्यो बरो. लांबसून दिसता तरी. माजो भुंगो माडात शिरलो काय दिसना नाय.”

तो गेंड्या भुंग्याबद्दल बोलत होता. हा भुंगा शेणखताच्या खड्ड्यात लहानाचा मोठा होतो आणि पंख फुटले की माडाच्या शेंड्यात घुसून कोवळा कोंब खातो. कोंब उलगडून झावळी बाहेर आली की मग कळतं, कारण ती कातरीने त्रिकोण कापून काढल्यासारखी असते. तोवर भुंगा गेलेला. मग पाडेली लोखंडी आकडा घेऊन चढतो, सगळे शेंडे चाळतो, मिळाला तर टोचून बाहेर ओढतो. पण गेंड्या पुष्कळ बरा. त्याने केलेल्या जखमेतून सोंड्या भुंगा शिरतो तो खरा वैरी. त्याच्या अळ्या खोडाच्या आत राहून खोड खातात. बाहेरून माड हिरवागार. खोडाला कान लावला तर आतून कुरतडल्याचा आवाज येतो. आणि एक दिवस वारा नसताना शेंडा मोडून खाली येतो.

माडाला कान लावून उभा असलेला माणूस, एवढं एकच दृश्य घेऊन एखाद्याने सिनेमा काढावा. रबराचा खर्च वाचेल.

माझी स्वतःची एक खोड आहे. पडद्यावर किडा आला की मी त्याचे पाय मोजते. सहा हवेत, आणि सहाही छातीला जोडलेले हवेत, पोटाला नव्हेत. या सिनेमातल्या झुरळाला लांबून आठ पाय होते आणि जवळ आल्यावर चार, कारण जवळ येणाऱ्या झुरळात माणूस होता. एकदा का पाय चुकले की पुढचं सगळं माझ्यासाठी विनोदी होऊन जातं. मग नायिकेने कितीही धावावं.

दुसरं ते किंचाळणं. सिनेमातला प्रत्येक किडा किंचाळतो. कशाने किंचाळतो? झुरळाला घसा नाही, फुप्फुसं नाहीत. अंगाच्या दोन्ही कडांना बारीक भोकं असतात, त्यांतून नळ्या थेट आत जातात आणि हवा परस्पर खेळते. मादागास्करात एक जात त्याच भोकांतून हवा सोडून फुसफुसते म्हणतात, त्यापलीकडे या कुळात आवाजाची हौस नाही. आणि लाळ! पडद्यावरच्या किड्याच्या जबड्यातून सतत तार गळत असते. खरं झुरळ इतकं टापटिपीचं असतं की काही विचारू नका. एकेक मिशी तोंडातून ओढून साफ करत बसलेलं मी रात्री मोरीत पाहिलं आहे. त्याची किळस येते ती आपल्याला, त्याला आपली येत असेल तर ते बोलून दाखवत नाही.

ते उडतं तेव्हाची गोष्ट मात्र वेगळी. पावसाच्या तोंडाला, उकाड्यात, दिवे लागल्यावर भिंतीवरचं झुरळ अचानक पंख काढतं, त्या क्षणी घरातला कर्ता पुरुष कुठे असतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यावर लिहीत नाही.

किड्यांचा पहिला सिनेमा मी गणपतीत पाहिला. चाकरमानी आले की वाडीतली पोरं वर्गणी काढून भाड्याने व्हीसीआर आणायची. एका रात्रीत तीन कॅसेटी: एक देवाची, म्हाताऱ्यांसाठी, एक मारामारीची, आणि तिसरी दुकानदाराने फुकट घातलेली, ती हटकून भुताची नाहीतर जनावरांची. टीव्ही आमच्या ओटीवर. माणसं ओटी भरून, पडवी भरून, पायऱ्यांवर, उरलेली छत्र्या घेऊन अंगणात. नीट दिसावं म्हणून घरातले सगळे दिवे घालवलेले. म्हणजे अख्ख्या वाडीत उजेडाची चौकट तेवढी एकच.

भाद्रपदातल्या किड्यांना आणखी काय हवं? तिसरी कॅसेट लागली तेव्हा देवाच्या सिनेमापासून जमलेली पाखरं काचेवर गर्दी करून होती. पडद्यावर मोठमोठ्या मुंग्या वाळवंटातून येत होत्या आणि नायकाच्या गालावर एक खरा पतंग बसला होता. नायक चेहरा हलवायचा, पतंग हलायचा नाही. पुढे बसलेले आबा टॉवेलने काच झाडायचे. टॉवेल फिरला की मागून ओरड. एवढ्यात ती पडद्यावरची राणी मुंगी जबडा उघडून नायिकेवर झेपावली आणि त्याच क्षणी वाशावरून उतरलेल्या पालीने तो पतंग मटकावला. असा टाळ्यांचा कडकडाट त्या गणपतीत आरतीलाही झाला नसेल. कोणीतरी ओरडलं, “मागे घे, मागे घे!” आणि व्हीसीआरवाल्याने खरंच कॅसेट मागे घेतली. राणी मुंगी पुन्हा आली, पुन्हा जबडा उघडला. पाल मात्र आली नाही. काही मंडळी तेवढ्यावर नाराज होऊन घरी गेली.

त्या रात्री मला मुंग्यांची भीती वाटली नाही. मुंग्या मला ठाऊक होत्या. परसातल्या आंब्यावर पानं शिवून हुमल्यांची घरटी असत. कैरीच्या नादात फांदी हलली की त्या सदऱ्यात उतरत आणि मग झाडाखाली भर दुपारी सदरा फेकून नाचावं लागे. वाळवंटातल्या त्या मुंग्या त्या मानाने फार सावकाश यायच्या.

स्वस्तातला सिनेमा म्हणून हसतात, ते मला पटत नाही. पैशाअभावी काही बिघडत असतं तर आमचा दशावतार कधीच बंद पडला असता. एक बाकडं; तेच सिंहासन, तेच डोंगर, तेच रथ. डोक्यावरून पेटारा घेऊन आलेली माणसं देवळासमोर रात्र उभी करतात. संकासुर येतो, काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ, आणि पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या पदरात तोंड लपवतात. बुरख्यातला माणूस मघाशी दुकानावर विडी ओढत होता हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आमचा रसिक बाकड्याला रथ मानतो. पण राजा शब्दाला अडखळला तर त्याला सकाळपर्यंत फाडून खातो. तेव्हा रबर चालेल. भुतालासुद्धा रीतभात असावी, किड्याला तर असतेच. ती न बघता नुसती अंडी आणि लाळ दाखवली की मग पुतण्यासारखी माणसं ग्राफिक्सला नावं ठेवतात.

१९५७ साली बर्ट गॉर्डन नावाच्या गृहस्थाने टोळांचा सिनेमा काढला, ‘बिगिनिंग ऑफ द एंड’. शेतकी खात्याच्या प्रयोगशेतावर किरणोत्सर्गाने वाढवलेल्या भाज्या टोळ खातात आणि बसएवढे होऊन शिकागोवर चालून जातात. पैसे नव्हते. त्याने शिकागोच्या इमारतींचे मोठे फोटो लावले आणि त्यांवर खरे नाकतोडे सोडले. एखादा नाकतोडा इमारत संपून आभाळावर चढला की लोक आजही हसतात. मला तो सिनेमा आवडतो, कारण त्यातल्या टोळांचे पाय बरोबर आहेत. शेवटी काय करतात, तर टोळांच्या मादीच्या हाकेसारखा आवाज काढून सगळ्यांना मिशिगन सरोवरात बोलावून बुडवतात. हे वाचून शिकलेला माणूस हसेल, पण आमचा आंबेवाला हसणार नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा त्याच्या कलमांना टांगलेला असतो. आत मिथाइल युजेनॉल, म्हणजे तुळशीतही असतं ते वासाचं द्रव्य. फळमाशीचे नर त्या वासामागे आत जातात आणि बाहेर येत नाहीत. तिथे आवाज, इथे वास. सरोवराऐवजी एक डबा, आणि हापूस वाचतो.

एवढा मोठा किडा होऊच शकत नाही, हे पुतण्याने सांगितलं ते खरं आहे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ सालीच एका निबंधात हिशेब मांडून ठेवला आहे. लांबी दहापट झाली की वजन हजारपट होतं, पायांच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपटच. शिवाय त्या कडेच्या भोकांतून आत किती लांब हवा पोचणार? तीसेक कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू आजच्यापेक्षा बराच जास्त होता, तेव्हा चतुरासारखा एक कीटक पंख पसरून ६५–७० सेंटिमीटर भरायचा. मजल तेवढीच. हाल्डेन पुढे आपल्याकडेच राहायला आले, १९५७मध्ये, आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांनी टोळांचा तो सिनेमा पाहिला असता तर मध्यंतरातच उठले असते असं वाटतं.

पुन्हा १९५७. त्याच वर्षी, नाकतोडे फोटोंवर चढत होते तेव्हा, इकडे कर्नाटकात शिमोग्याजवळ क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने पडू लागली. माकडताप. तो पसरवणारी निघाली एक गोचीड. पोटात रक्त नसताना तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, आणि तेच माणसाला जास्त चावतं. पाय आठ. म्हणजे माझ्या मोजणीत ती किडा ठरतच नाही, कोळ्याविंचवांच्या गोतातली आहे.

२०१६ साली तो ताप आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आला, दोडामार्गात, पुढच्या वर्षी बांद्याकडे. हंगाम थंडीतच सुरू होतो आणि पाऊस येईपर्यंत चालतो. नेमके काजूचे दिवस. बाया पहाटे बागेत शिरतात, पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांत, हात घालून बिया वेचतात, आणि त्या पातेऱ्यातच ती बसलेली असते. चावल्याचं कळतसुद्धा नाही. ताप येतो, डोकं फुटायची वेळ येते, काहींना रक्तस्राव होतो; शंभरातले तीन ते पाच जातात. कोणी किंचाळत नाही. आरोग्य केंद्रातून अंगाला लावायचं तेल मिळतं, ते लावून, अंगभर कपडे घालून, उन्हात घामाघूम होत वेचणी चालते. आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात. पूर्वी बागेत माकड मरून पडलेलं दिसलं की बागायतदाराला मनातून बरंच वाटायचं, कारण माकडांनी आम्हाला काय कमी छळलंय? आता कोणी जवळ जात नाही. लांबूनच खाणाखुणा बघून आरोग्य केंद्राला फोन करतात.

त्या दुपारी हे सगळं मनात येऊन गेलं तेव्हा काकी आठळ्या उकडायला ठेवत होती. मी विचारलं, काजूच्या वेळी तुला भीती नाही वाटत?

“वाटता तर,” ती म्हणाली. “पण मगे काजी कोण वेचतलो?”