नेमएरर आला की आधी शेवटची ओळ वाचा

सांगलीच्या विश्रामबागेत संध्याकाळी काही पोरं माझ्याकडं पायथन शिकायला येतात, बहुतेक डिप्लोमा नाहीतर बीसीएची, आणि सगळ्यांचं एकच, लाल अक्षरं दिसली की न वाचताच कोड खोडायला लागतात. अरे थांबा की जरा, नेमएररएवढा सरळ एरर दुसरा नाही. सगळ्यात खालची ओळ बघा, अवतरण चिन्हात जे नाव दिसतंय तेच पायथन शोधत होतं आणि ते त्याला सापडलं नाही, आणि कुठल्या लाइनवर ते वरती दिलेलंच असतं.

परवा मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्याचा हिशोब करायला दिला होता. पायथन 3 मध्ये व्हेरिएबलची, म्हणजे किंमत ज्यात ठेवतो त्याची, नावं देवनागरीत पण चालतात, म्हणून एका पोरीनं हौसेनं मराठीत लिहिली. वर लिहिलं, एकूण = वजन * दर, आणि खाली प्रिंटमध्ये एकुण. "दादा, दोन्ही सेमच आहे की!" म्हटलं, एररमधलं नाव एकेक अक्षर वाच. वाचलं आणि सापडलं, वर दीर्घ खाली ऱ्हस्व. इंग्रजी अक्षरात लिहिलं तरी तेच, एकूण कोणी यूनं लिहितं कोणी डबल ओनं, त्यात कॅपिटल-स्मॉलचा फरक वेगळाच. 3.10 व्हर्जनपासून पायथन 'डिड यू मीन' म्हणून जवळचं नाव सुचवतो पण, तेही कोणी वाचत नाही.

शेजारच्यानं तिला उपाय सांगितला की वर एकुण = 0 टाक, एरर जातोय. हे मात्र अजिबात करू नका! एरर गेला खरा, पण 12 क्विंटल हळद 15000 दरानं विकली तर 1,80,000 यायला पाहिजेत, तिथं शून्य छापून आलं असतं आणि प्रोग्रॅम गप्प. शेतकऱ्याच्या हिशोबाच्या पट्टीवर असं झालं तर काय सांगणार त्याला?

बाकीची कारणं नेहमीचीच. सांगली हा शब्द छापायचाय आणि कोट्स विसरले की पायथन त्याला व्हेरिएबल समजतो. गणिताचं मॅथ मॉड्यूल वापरलं पण वर इम्पोर्ट नाही केलं. फंक्शनच्या आत ठेवलेलं नाव बाहेर मागितलं. जुन्या झेरॉक्स नोट्समधलं, वापरणाऱ्याकडून माहिती घ्यायचं रॉ इनपुट उचललं, ते पायथन 3 मध्ये राहिलंच नाही, नुसतं इनपुट लिहायचं. आणि कोलॅबमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्येच पायथन चालवायच्या गूगलच्या सोयीत, रनटाइम तुटून नवा सुरू झाला की सगळी नावं पुसली जातात, मग वरचे सेल, म्हणजे कोडचे चौकोन, परत रन करायचे.

खरा त्रास देतो तो कधी येणारा कधी न येणारा एरर. दर हे नाव इफच्या आतच ठेवलंय, हळदीची प्रत राजापुरी असेल तर, आणि समोरच्यानं सेलम ही दुसरी प्रत टाकली की दर तयारच होत नाही आणि खाली गुणाकाराला नेमएरर. स्पेलिंग शंभर वेळा तपासलं तरी हाती काही लागणार नाही, तिथं एल्स लिहा आणि त्या प्रतीचा दर माहीत नाही असं सरळ छापा.